जागतिक प्रदर्शनांची जुनी पदकं: खरी की नक्कल, साफ करावीत का, ठेवावीत कशी?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. जुन्या संग्रहातली चार पदकं आठ दिवस पाहायला मिळाली आहेत, व्यवहार अजून ठरलेला नाही. मापं व्हर्नियरने घेतली आहेत.

१. पांढरट धातू, ४१ मिमी. एका बाजूला लंडनचा क्रिस्टल पॅलेस, खाली बारीक अक्षरांत 'ॲलन अँड मूर'. वर भोक पाडून कडी अडकवलेली. राखाडी डाग आहेत.

२. तपकिरी, ५१ मिमी. प्रिन्स ऑफ वेल्सचं डोकं, मागे 'कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन' आणि रोमन आकड्यांत १८८६. कडेवर काही नाही.

३. तपकिरी, ६३ मिमीच्या वर थोडं. पानांचा मुकुट घातलेली स्त्री, मागे १९०० आणि फ्रेंच मजकूर. विकणारा म्हणतो ऑलिम्पिकचं आहे आणि भावही तसाच सांगतो.

४. कोलंबस जहाजातून उतरतोय, मागे १८९२-१८९३ रोमन आकड्यांत. पिवळसर, त्यावर खोदलेलं नाव. व्यास कुठूनही मोजला तरी ७५ मिमीच्या आतच. कडेवर दोन ठिकाणी हिरवी पूड. 'शिकागोचं सुवर्णपदक' म्हणून देतायत.

खरं-खोटं कसं ओळखायचं? सराफाकडे कसोटीवर घासून घेऊ का? आणि घेतलीच तर साफ कशाने करायची?

खामकाठ (छ. संभाजीनगर)

कसोटीवर अजिबात घासू नका. दागिन्याची रेघ पुसली जाते, पदकाची जात नाही, आणि पुढचा गिऱ्हाईक भिंग घेऊन पहिल्यांदा तीच बघतो.

पदक हातात आलं की आधी कड बघायची. तोंडावरचं चित्र नक्कल करणाऱ्याने मनापासून केलेलं असतं, कडेकडे त्याचं लक्ष नसतं. ठशाखाली दाबून काढलेल्या पदकाची कड सपाट, कोपरा धारदार. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याच्या दोन भागांची रेघ, किंवा ती घासून काढल्याच्या बारीक तिरप्या खुणा. शिवाय धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे मूळ पदकावरून साचा घेतला की नक्कल एक-दोन टक्के लहान निघते.

तुमच्या चौथ्याची गोम इथेच आहे. शिकागोच्या १८९३च्या जागतिक प्रदर्शनाचं पारितोषिक पदक ७६ मिमीचं. दीड टक्का कमी केला की ७४.९ येतात.

दुसरी खूण नावाची. शिकागोच्या पदकावर विजेत्याचं नाव कोरलेलं नसतं, उठावाचं असतं. ठशात नावापुरता तुकडा बदलून प्रत्येक पदक काढलं होतं. खोदलेलं नाव म्हणजे संशय पक्का.

तिसरी गोष्ट 'सुवर्ण' शब्दाची. शिकागोला सोनं-चांदी-काशाची उतरंडच नव्हती. एकच दर्जा, एकच काशाचं पदक आणि सोबत प्रशस्तिपत्र. रविवर्म्यांनी तिथे दहा चित्रं पाठवली होती आणि त्यांना 'सुवर्णपदकं' मिळाली असं आपल्याकडे सर्रास छापलं जातं, तेही काशाचंच समजायचं. कोलंबसाची बाजू शिल्पकार सेंट-गॉडन्सची, मागची अमेरिकी टांकसाळीच्या चार्ल्स बार्बरची. सेंट-गॉडन्सने मागच्या बाजूला नग्न तरुण दाखवला होता, तो नामंजूर झाला आणि त्या भांडणात पदकं विजेत्यांच्या हाती १८९६ला पडली. मूळ डबी ॲल्युमिनियमची असते. मखमली डबीत दाखवत असतील तर डबी दुसऱ्या कशाची तरी आहे.

तिसऱ्या क्रमांकाचं पदक चांगलं वाटतंय, पण ऑलिम्पिकचं नाही. १९००चं ऑलिम्पिक पॅरिसच्या प्रदर्शनाला जोडून झालं, त्यामुळे प्रदर्शनाचं पदक ऑलिम्पिकच्या नावाने खपवायची जुनी खोड आहे. तुमच्याकडचं फ्रेंच पदककार शाप्लँचं, प्रदर्शनाचं पारितोषिक पदक. खेळाडूंसाठी फ्रेदेरिक व्हेर्नॉने केलेली पट्टी चौकोनी असते, साधारण ५९ बाय ४१ मिमी. गोल पदकाला ऑलिम्पिकचा भाव कमून द्यायचा? मागच्या चौकटीत नाव आहे का ते कळवा. नाव असलेलं आणि कोरं, दोन्ही मिळतात.

बिदरी_पत्रा (उदगीर)

पॅरिसच्या टांकसाळीबद्दल थोडं जोडतो, कारण हे एक कळलं की फ्रेंच पदकांतला अर्धा घोळ संपतो. तिथे कडेवर धातूचं नाव आणि एक छोटं चिन्ह ठोकत. १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८८० मधमाशी, १८८० पासून शिंगातून फळं सांडणारं समृद्धीशिंग. म्हणजे १८५५च्या प्रदर्शनाच्या पदकावर हात हवा, १८६७च्या, पोन्सकार्म या पदककाराच्या पदकावर मधमाशी. यांच्या कडेवर शिंग दिसलं तर ठसा जुनाच, पण पदक नंतर काढलेलं. नक्कल म्हणता येणार नाही, पण भाव पडतो. १९००च्या पदकाला शिंग बरोबरच आहे, मात्र त्यानेही सगळं सिद्ध होत नाही, कारण तेच चिन्ह पुढेही चालू राहिलं. शिंगासोबत कडेवर अलीकडचं साल असेल तर प्रत उशिराची.

चिन्ह दोन मिमीचं असतं. कडेवर पांढरा कागद टेकवून मऊ पेन्सिल घासली तर फोटोपेक्षा स्पष्ट उठतं. पेन्सिल कागदावरच चालवा, धातूला लागू देऊ नका.

क्रमांक २ बद्दल. पदककार लिओनार्ड वायनचं, काशाचं. ५१ मिमी आणि कोरी कड, दोन्ही जुळतं. पण ते स्मरणार्थ दिलेलं आहे, स्पर्धेतलं बक्षीस नव्हे, आणि संख्येने भरपूर आहे. विक्रेता 'पारितोषिक' म्हणत असेल तर तो शब्द खोडा.

क्रिस्टल पॅलेसमधल्या १८५१च्या लंडन प्रदर्शनाचं मात्र उलट. तिथे प्रकार वेगळे ओळखता आलेच पाहिजेत. कौन्सिल मेडल (सर्वात वरचा सन्मान) ८९ मिमी, प्राइझ मेडल (बक्षिसाचं) ७७, ज्यूरीचं ६४, सगळ्या प्रदर्शकांना दिलेलं ४४-४५. पहिल्या दोघांवर व्हिक्टोरिया आणि अल्बर्टची जोडमुद्रा, खाली डॉल्फिन. प्राइझ मेडलच्या कडेवर विजेत्याचं नाव आणि वर्गाचा क्रमांक खोदलेला असतो, आणि त्याच्या किमतीत मोठा वाटा त्या नावाचाच. तेवढ्यासाठी जुनं नाव घासून नवं खोदणारेही आहेत. संशय आला तर कडेची जाडी आठ ठिकाणी मोजा. घासलेल्या जागी ०.१ ते ०.२ मिमी कमी भरते आणि रंगही फिका दिसतो.

मांजराकाठ

धन्यवाद. तिसऱ्याच्या कडेवर शिंग आहे, पुढे 'ब्राँझ', साल नाही. चौकटीत नाव नाही.

चौथ्याचा धातू घरी तपासता येईल का? आणि हिरव्या पुडीवर खोबरेल तेल लावून ठेवा असं एकाने सांगितलं आहे.

कल्हई (नांदेड)

तेलाचं आधी. ऑलिव्ह तेलाचा सल्ला परदेशी पुस्तकांतून आला, आपल्याकडे त्याचं खोबरेल झालं. दोन्ही नको. तेलातली आम्लं तांब्याला धरतात, तेल खवट झालं की जास्तच, आणि महिन्याभरात सगळ्या पदकावर हिरवट चिकट थर. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, पितळ चकचकीत करायची पावडर यांचं नावच काढू नका. काशाच्या पदकाचा चॉकलेटी रंग टांकसाळीत मुद्दाम चढवलेला असतो, तो काही मळ नव्हे. देवघरातल्या समईसारखं लखलखीत केलेलं पदक जाणकार हातातही घेत नाही.

धातू तपासायचा तर घनता काढा. साधन स्वस्त, पण एक अडचण कुणी सांगत नाही. २०० ग्रॅमचा खिशातला काटा ४१ मिमीच्या पदकाला पुरतो, ७६ला नाही. एवढं पदक बुडेल असं भांडं आणि पाणी मिळूनच ४००-५०० ग्रॅम होतं. एक किलोपर्यंत तोलणारा, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पद्धत अशी:

कोरडं वजन लिहा. पसरट प्लास्टिकच्या भांड्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा, साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत, काटा शून्यावर आणा. पदक मासेमारीच्या बारीक दोरीने बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे घन सेंटिमीटरमधलं घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागा. शिवणाचा दोरा वापरलात तर तो पाणी पितो आणि आकडा हलतो. तीन वेळा करा, सरासरी घ्या, पदक लगेच टिपून वाळवा.

उत्तर ८.८च्या आसपास आलं तर कासं, ८.४-८.५ पितळ, १०.३-१०.५ चांदी, ७.३च्या आसपास कथलाचा मिश्रधातू, २.७ ॲल्युमिनियम. आत शिसं भरून वर तांब्याचे दोन पत्रे जोडलेली विद्युत-नक्कल असेल तर ९.५ वगैरे विचित्र आकडा येतो, आणि अशा नकलेच्या कडेवर डाखाची रेघ असतेच.

ॲल्युमिनियम म्हटलं की लोक नाक मुरडतात, 'जर्मनचं भांडं' म्हणून. १८८६ला स्वस्तात ॲल्युमिनियम काढायची रीत निघाली आणि १८९३च्या शिकागोत हा धातू नवलाईचा होता. त्या काळची आठवणीखातर विकलेली ॲल्युमिनियमची पदकं अस्सल असतात, फेकू नका.

हॉलमार्किंग केंद्रातलं कॅरेट मोजायचं यंत्र पदकाला ओरखडा पाडत नाही, पण ते फक्त वरचा थर वाचतं. सोन्याचा मुलामा असेल तर सोनंच सांगेल. यंत्र आणि घनता दोन्ही जुळले तरच विश्वास.

क्रमांक १ पाण्यात बुडवू नका. व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथील, आपला कल्हईचा धातू. डागाळलेल्या भागात पाणी मुरलं की डाग पसरतात. राखाडी डागांना 'कथलाची महामारी' म्हणणारे भेटतील. ती १३ अंशांखालची गोष्ट, तीही शुद्ध कथलाला आणि कडाक्याच्या थंडीत. लातूरच्या थंडीत होत नाही. तुमचे डाग साध्या गंजाचे आहेत, तसेच राहू द्या. भोक बुजवायला कुणा कारागिराकडे मात्र देऊ नका. कथील २३२ अंशांना वितळतं, डाख द्यायला गेला की चित्राची कड ओघळते. भोक असलेलं पदक भोकासकट कमी भावात घ्यायचं, बस.

खामकाठ

क्रमांक १ची इमारत नीट बघा. हाइड पार्कच्या मूळ क्रिस्टल पॅलेसला मधोमध एकच आडवं कमानी छत होतं. तोच सांगाडा १८५४ला सिडनहॅमला वाढवून उभा केला, तिथे अशी तीन छतं आणि नंतर दोन्ही टोकांना पाण्याचे उंच मनोरे. मनोरे असलेलं पदक '१८५१चं' म्हणून विकतात. पदकावर साल छापलंय आणि छत एकच आहे, तर ठीक.

मांजराकाठ

छत एकच आहे, मनोरे नाहीत.

चौथं तोललं. कोरडं १६८.४, पाण्यात २०.०. म्हणजे ८.४२. कडेवर भिंगाखाली तिरप्या घासल्याच्या रेघाही दिसल्या. चौथं परत करतोय.

हिरवी पूड तिसऱ्याच्याही कडेवर एका ठिकाणी आहे, टाचणीच्या डोक्याएवढी. ते घ्यायचा विचार आहे. काय करू?

कल्हई (नांदेड)

८.४२ म्हणजे पितळ ओतलेलं. हिशोब जुळला.

तिसऱ्याचं आधी ओळखा. गुळगुळीत, कडक, गडद हिरवा थर असेल तर तो साधा कळंक, स्थिर असतो, हात लावू नका. फिकट पोपटी, भुसभुशीत, टोचलं की पूड पडते आणि खाली खड्डा दिसतो, तर ते काशाचं दुखणं. धातूत क्लोराइड शिरलेलं असतं, हवेतला ओलावा मिळाला की ते आत आत खात जातं आणि शेजारच्या बाकी काशालाही सुटी पूड लागून त्रास होतो. म्हणून आधी वेगळ्या डबीत हलवा.

दुखणं असेल तर: भिंगाखाली बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्याने पूड खरवडा. सुई नको, स्टील काशापेक्षा कठीण, चरे पडतात. मग काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये १०-१५ मिनिटं, खिडकी उघडी, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. नंतर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून रोज पाणी बदलत किमान आठ-दहा दिवस. बोअरचं पाणी आपल्याकडे क्षारांचं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणजे ज्याने दुखणं होतं तेच पुन्हा पाजणं. बॅटरीच्या दुकानात पाणी मागताना बाटलीवर 'डिस्टिल्ड' वाचा, तिथे ॲसिडही तशाच कॅनमध्ये मिळतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून वाळवायचं आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

भिजवण्याने मूळ रंग थोडा फिका पडू शकतो. म्हणून नुसता कळंक असताना हे कुणी करू नये.

बालाघाट (बीड)

साठवणीबद्दल, कारण इथे लोक बाकी सगळं बरोबर करून शेवटी माती खातात.

आपल्याकडे एप्रिल-मे कोरडा ठणठणीत, आणि जुलै-ऑगस्टला कपाटातले कागद मऊ पडतात. हा चढउतारच वाईट. काशाला आर्द्रता ४० टक्क्यांखाली हवी. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीन डबा, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. नारंगी दाण्यांचं जेल घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, घरात पोरंबाळं असतील तर टाळा.

स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास मारणारी पारदर्शक पाकिटं पीव्हीसीची. वर्ष-दोन वर्षांत पदकावर हिरवा चिकट थर येतो आणि लोक त्याला काशाचं दुखणं समजतात. तो ॲसिटोनने निघतो, हे दुखणं नव्हे. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलरची पाकिटं घ्या. ६३ मिमीच्या पुढे डब्या मिळणं अवघड जातं, तिथे पांढऱ्या पॉलिथिलीन फोमच्या तक्त्यात पदकाच्या मापाचं गोल कापून घ्या, वर मायलरचा तुकडा. व्यासापेक्षा १ मिमी जास्त कापा, नाहीतर काढताना कडेला नख लागतं.

प्लायवूड आणि एमडीएफच्या खणांतून आम्लाची वाफ सुटते, शिसं तिला लगेच बळी पडतं. लोखंडी कपाट बरं. डांबराच्या गोळ्या, कापूर, रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड, सगळं बाहेर. मूळ मखमली डबी असेल तर ती जपा, पण पदक तिच्यात न ठेवता शेजारी ठेवा, दोघांना एकच नोंद क्रमांक. हात लावताना पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे. सुती मोज्यांतून जड पदक निसटतं, आणि ७६ मिमीचं पदक फरशीवर पडलं की कडेला चेपतंच.

कायद्याचं थोडक्यात: १९७२चा पुरावशेष कायदा १०० वर्षांवरच्या वस्तूंना लागू होतो. घरात ठेवायला अडचण नाही, पण असं पदक खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, ती मुभा फक्त केंद्र सरकारला आणि त्याने नेमलेल्या संस्थांना. 'भेटवस्तू' लिहून पोस्टाने धाडायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. परदेशातून मागवताना सीमाशुल्क धरूनच बोली लावा.

बिदरी_पत्रा (उदगीर)

मांजराकाठ, तिसरं घेणार असाल तर 'कोरी चौकट' हा मुद्दा भावात वापरा, आणि 'ऑलिम्पिक' शब्द पावतीवर येऊ देऊ नका. पावतीवर व्यास, वजन, कडेचा मजकूर लिहून घ्या.

पुढे संग्रह कोणत्या दिशेने न्यायचा याचं एक सुचवतो. सगळ्या जगाची पदकं जमवायला गेलात तर शेवटी गठ्ठा होतो. आपला मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, तेव्हा तिथल्या कारागिरीला धरून चला: बिदरी (काळ्या धातूवरचं चांदीचं जडावकाम), औरंगाबादचा हिमरू आणि मशरू ही कापडं, पैठणी. बिदरी तर १८५१लाच लंडनला मांडली गेली होती. बिदर आज कर्नाटकात असलं तरी उदगीरहून हाकेच्या अंतरावर.

प्रदर्शनांच्या ज्यूरींचे छापील अहवाल आणि सूच्या स्कॅन होऊन फुकट मिळतात, पण आजच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधलं तर हाती काही लागत नाही. औरंगाबादच्या 'रंग'मध्ये ए ऐवजी यू टाका, बिदरमध्ये दोन्हीकडे ई, हैदराबादचे दोन-तीन प्रकार, आणि 'निजाम्स डोमिनियन्स' वेगळं. प्रदर्शकाच्या जागी कारागिराचं नाव क्वचितच असतं. सरकार, दरबार किंवा व्यापारी असं लिहिलेलं असतं, त्यामुळे पदकाच्या कडेवरचं नाव सूचीत शोधताना वर्गाचा क्रमांक आधी लावा, मग नाव.

सोबतीला देशातली प्रदर्शनं आहेत: कलकत्ता १८८३-८४, जयपूर १८८३, दिल्ली १९०२-०३, मुंबई १९०४, अलाहाबाद १९१०-११. अलाहाबादचं टपालतिकिटं जमवणाऱ्यांनाही आवडतं, कारण फेब्रुवारी १९११ मध्ये तिथूनच विमानाने पहिली अधिकृत टपालपिशवी गेली. हैदराबादची नुमाइश १९३८ची, त्यामुळे ती अजून शंभरीत नाही.

मांजराकाठ

तिसऱ्याच्या कडेवरचा डाग काट्याने हलकेच टोचून पाहिला. पूड पडली नाही, कडक आहे. म्हणजे कळंकच. पाण्यात घालत नाही. दुसरं आणि तिसरं घेतोय, पहिलं भोकाच्या भावात मिळालं तर.

कल्हई (नांदेड)

बरोबर. पहिलं घेतलंत तर त्याला काशाबरोबर एका खणात ठेवू नका, वेगळी डबी. आणि कडी लोखंडी असेल तर पिळून न काढता बारीक कटरने कापून काढा, ओढलं की भोकाची कड फाटते.